अडलेल्या नॉझलचा इतिहास

जूनमध्ये शाळा उघडते, प्रवेशाचे अर्ज छापायला घेतले जातात, आणि ऑफिसातला प्रिंटर पहिल्याच कागदावर अक्षरांमधून पांढऱ्या रेघा ओढतो. पुष्कळ शिक्षकांना हा अनुभव असेल. आमच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी असेच झाले. दुरुस्तीला आलेल्या मुलाने साफसफाईची आज्ञा लागोपाठ आठ वेळा दिली, कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "सर, हेड गेलं. नवीन हेडच्या पैशात नवा प्रिंटर येईल." मुख्याध्यापकांनी मान डोलावली. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. 'हेड गेलं' म्हणजे नक्की काय गेले, हे मला कळले नव्हते. आणि मला वाटते, ते त्या मुलालाही कळले नव्हते.

ते कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इंकजेट प्रिंटरच्या हेडमध्ये जे काही बिघडते, त्याचे मूळ पाण्याच्या धारेचे थेंब का होतात या जुन्या प्रश्नात आहे.

नळ अगदी बारीक सोडून धारेकडे पाहा. वर ती काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत असते, खाली तिचे थेंब झालेले असतात. १८३३ मध्ये फेलिक्स साव्हार या फ्रेंच शास्त्रज्ञाने धारेचा हा तुटलेला भाग बारकाईने अभ्यासला. जवळ तंतुवाद्य वाजवले की धार तुटण्याची जागा बदलते, आणि योग्य सूर लागला तर थेंब शिस्तीत एकामागून एक पडू लागतात, हेही त्याच्या ध्यानात आले. मात्र धार तुटते का, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. ते दिले बेल्जियममधील घेंट येथील प्राध्यापक जोसेफ प्लाटो यांनी. १८४३ च्या सुमारास ते पूर्ण अंध झाले होते. पुढचे सारे प्रयोग सहकाऱ्यांनी आणि घरच्यांनी करायचे, दिसेल ते सांगायचे, आणि प्लाटोंनी मनात चित्र उभे करून विचार करायचा, असे तीस वर्षे चालले. १८७३ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. द्रवाच्या दंडगोलाची लांबी त्याच्या परिघापेक्षा जास्त झाली की तो टिकत नाही, हा त्यातला एक निष्कर्ष. कारण पृष्ठताण. तेवढाच द्रव गोल थेंबांच्या रूपात राहिला तर त्याचे पृष्ठफळ कमी होते.

१८७८ मध्ये लॉर्ड रॅली यांनी याला गणिताची जोड दिली. धारेवर नाना तरंगलांब्यांच्या बारीक लहरी असतात. त्यांपैकी सर्वांत झपाट्याने वाढते ती धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचारपट लांबीची लहर, आणि तीच धार कापते. वरच्या वर्गातल्या मुलांना इथे एक चांगले उदाहरण सोडवायला देता येते. व्यास 'व' आणि लांबी ४.५ 'व' असलेल्या दंडगोलाचे घनफळ काढा, आणि तेवढ्याच घनफळाच्या गोलाचा व्यास किती ते पाहा. उत्तर १.९ 'व' च्या जवळ येते. म्हणजे थेंब धारेच्या जवळजवळ दुप्पट जाड असतो. नळाखाली खडूच्या पेटीएवढ्या अंतरात हे मोजायचा प्रयत्न करून पाहावा. गुरुत्वाकर्षणाने धार खाली जाताना ताणली जाते, म्हणून उत्तर अचूक येत नाही, पण मुलांना मजा वाटते.

याच काळात शाई फवारून लिहिण्याची पहिली खटपट झाली, आणि ती आपल्याकडच्या तारखात्यालाही ठाऊक असलेल्या कामासाठी. समुद्राखालच्या तारेतून येणारा विद्युतप्रवाह फार क्षीण असे. त्याच्या जोरावर लेखणी कागदावर घासत नेणे शक्य नव्हते. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८६७ मध्ये यावर तोड काढली. केसासारखी बारीक काचेची वक्रनलिका, तिचे एक टोक शाईच्या भांड्यात, दुसरे कागदाच्या पट्टीच्या किंचित वर. शाईला विद्युतप्रभार दिला की ती नलिकेच्या तोंडातून आपोआप सूक्ष्म ठिपक्यांनी कागदावर उडे. स्पर्श नाही, घर्षणही नाही. १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली. लांबलचक सागरी तारांवर पुढे हे यंत्र वापरात आले. मात्र दमट हवेत प्रभार टिकत नसे, म्हणून नंतर नलिकेला बारीक कंपने देऊन शाई टपकवण्याची पद्धत आली. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या यंत्रात आजच्या प्रिंटरचे दोन मुख्य घटक आहेत, बारीक तोंड आणि कागदाला न शिवणारी शाई.

यानंतर बराच काळ विशेष काही घडले नाही. स्वीडनमधील रूने एल्मक्विस्ट यांनी हृदयाच्या विद्युत आलेखासाठी शाईच्या धारेने लिहिणारे यंत्र बनवले आणि १९५१ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळवले. (माणसाच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये याच गृहस्थांनी तयार केला.) हे यंत्र रेघ काढी, अक्षरे नव्हेत.

अक्षरे काढण्यासाठी प्रत्येक थेंब ताब्यात हवा. तो ताबा १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांनी मिळवला. त्यांनी धारेला ठराविक कंपने दिली, म्हणजे साव्हारच्या तंतुवाद्याचेच काम विजेकडून करून घेतले. थेंब एकसारखे पडू लागले. धार जिथे तुटते नेमक्या त्या जागी त्यांनी एक विद्युतअग्र ठेवले आणि प्रत्येक थेंबाला हवा तेवढा प्रभार दिला. पुढे दोन पट्ट्यांमधल्या विद्युतक्षेत्रातून जाताना जास्त प्रभाराचा थेंब जास्त वळतो, कमी प्रभाराचा कमी. मिलिकनचा तेलाच्या थेंबाचा प्रयोग शिकवताना याचा उल्लेख जरूर करावा. ज्या थेंबाची गरज नाही त्याला प्रभार द्यायचा नाही. तो सरळ एका पन्हळीत पडतो आणि टाकीत परत जातो. दुधाच्या पिशवीवर किंवा बिस्किटाच्या पुड्यावर ठिपक्याठिपक्यांची तारीख दिसते, ती बहुधा आजही याच पद्धतीने छापलेली असते.

या यंत्राचा एक गुण इथे लक्षात घेऊ. त्यातली धार कधी थांबत नाही. यंत्र चालू आहे तोवर शाई वाहतच असते, त्यामुळे तोंडाशी सुकायला तिला सवड मिळत नाही. नॉझल अडण्याचा प्रश्न येतो तो यंत्र बंद करताना आणि चालू करताना. पण सतत धार म्हणजे पंप आला, गाळणी आली, उच्च दाबाची वीज आली, परतीची नळी आली. असे यंत्र कारखान्यात शोभते, टेबलावर नव्हे.

टेबलावरचे यंत्र हवे असेल तर थेंब मागेल तेव्हाच पडला पाहिजे. हा विचार १९७० च्या दशकात अनेक ठिकाणी एकाच वेळी आकार घेत होता. एक मार्ग पिझोइलेक्ट्रिक पदार्थांचा. काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतप्रभार निर्माण होतो, हे १८८० मध्ये झाक आणि पिअर क्यूरी या भावांनी दाखवले होते. उलटही खरे आहे: वीज दिली की तो पदार्थ किंचित आकार बदलतो. शाईच्या कोठडीच्या भिंतीला असा तुकडा चिकटवला आणि त्याला विजेचा झटका दिला, तर भिंत आत ढकलली जाते आणि एक थेंब बाहेर पडतो. स्टेमे, झोल्टन, कायझर आणि सीअर्स यांची या पद्धतीची पेटंटे त्या दशकातली आहेत.

दुसरा मार्ग उष्णतेचा. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एन्दो काम करत होते. तापलेली सोल्डरिंगची इस्त्री शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि शाईची चिळकांडी उडाली, असे सांगितले जाते. दीड-दोन वर्षांच्या आत अमेरिकेत हेवलेट-पॅकार्डच्या जॉन व्हॉट यांनी स्वतंत्रपणे तोच मार्ग धरला. उकळत्या पाण्याच्या जोरावर कॉफी वर चढवणारी किटली त्यांच्या डोळ्यांसमोर होती. दोघांची युक्ती एकच. नॉझलमागे मायक्रॉनच्या अंशाएवढा पातळ विद्युतरोधक बसवायचा. काही मायक्रोसेकंद प्रवाह दिला की त्याला लागून असलेला शाईचा पातळ थर सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि एकदम वाफेचा बुडबुडा होतो. बुडबुडा शाईला ढकलतो, लगेच विरतो, आणि रिकाम्या जागेत केशाकर्षणाने नवी शाई येते.

हे ऐकताना शिक्षकाच्या मनात शंका यायला हवी: एवढ्या तापमानाला शाई करपत नाही का? करपते. रोधकावर करपलेल्या शाईचा पापुद्रा बसतो. जपानी भाषेतल्या 'करपणे' या अर्थाच्या क्रियापदावरून या दोषाला 'कोगेशन' हे नाव पडले आणि तेच जगभर रूढ झाले. शिवाय विरणारा बुडबुडा रोधकावर आदळतो, तो मारही चुकत नाही. म्हणून रोधकावर टँटलम धातूचे पातळ कवच चढवतात. हेड फार दिवस टिकणार नाही, हे अभियंत्यांना सुरुवातीपासून दिसत होते. हेवलेट-पॅकार्डने त्यावर काढलेला तोडगा माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय आहे. हेड टिकवायचेच नाही! ते शाईच्या डबीलाच जोडायचे, शाई संपली की हेडसकट फेकून द्यायचे. १९८४ च्या त्यांच्या थिंकजेट प्रिंटरच्या हेडवर फक्त १२ छिद्रे होती. दर वेळी नवी शाई, दर वेळी नवे हेड. अडण्याचा प्रश्न सुटला नाही, पण ग्राहकाने तो विकत घेतलेल्या प्रत्येक डबीबरोबर थोडा थोडा फेडला.

पिझो पद्धतीत हे परवडण्यासारखे नव्हते. तिथले हेड महाग, पण शाई तापत नसल्यामुळे दीर्घायुषी. एप्सन कंपनीने १९९३ मध्ये स्टायलस ८०० बाजारात आणला. या घराण्यात हेड प्रिंटरमध्ये कायमचे असते आणि शाईच तेवढी बदलली जाते. पुढे २०१० मध्ये याच कंपनीने बाटलीने भरायच्या टाक्यांचा प्रिंटर प्रथम इंडोनेशियात विकायला काढला, आणि काही वर्षांत तसले प्रिंटर आपल्या शाळाशाळांत दिसू लागले. छपाई स्वस्त झाली खरी, पण हेड फेकण्याची सोय गेली. कायमचे हेड अडले की ते सोडवावे लागते, नाहीतर अख्खा प्रिंटर भंगारात जातो.

आता नॉझलमध्ये काय चालते ते पाहू. छिद्राचा व्यास साधारण २० मायक्रॉन, केसापेक्षा बारीक. थेंब काही पिकोलीटरचा. ५ पिकोलीटरचा धरला तर एक मिलिलीटर शाईत २० कोटी थेंब होतात. काम नसते तेव्हा छिद्राच्या तोंडाशी शाईचा एक आत वळलेला पडदा असतो. पृष्ठताण मीटरला ०.०३५ न्यूटन धरला तर हा पडदा सुमारे ७००० पास्कलपर्यंत ताण सहन करतो, म्हणजे जवळजवळ ७० सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका. शाई गळू नये म्हणून तिला मागून किंचित ओढून धरतात. डबीत ते काम स्पंज करतो. टाकीच्या प्रिंटरमध्ये टाकी हेडपेक्षा खाली ठेवलेली असते. म्हणूनच तसला प्रिंटर आडवा करून नेऊ नये आणि टाकी उचलून वर धरू नये. डबीच्या झाकणावर हवेचे बारीक छिद्र असते. ते चिकटपट्टीने बंद राहिले तर शाई खर्च होताना आतली ओढ वाढत जाते आणि शाई पुढे येईनाशी होते. भरलेली डबी आणि कोरा कागद, असा हा चमत्कार पुष्कळांनी पाहिला असेल.

शाईतले पाणी मात्र त्या पडद्यातून सतत उडत असते. शाईत ग्लायकोलसारखे ओलावा धरणारे द्रव घातलेले असतात, तरी काही दिवसांत तोंडाशी ती दाट होते आणि काही आठवड्यांत घट्ट. यावर उपाय म्हणून प्रिंटरच्या एका कोपऱ्यात रबरी काठाची टोपी असते. काम संपले की हेड तिच्यावर जाऊन बसते आणि झाकले जाते. टोपीखाली एक छोटा पंप असतो. साफसफाईची आज्ञा दिली की तो छिद्रांतून शाई ओढून काढतो आणि तळाच्या शोषक गादीत सोडतो. ही गादी भरली की बरेच प्रिंटर काम करायचे नाकारतात. सारखी साफसफाई करण्यात शाई तर जातेच, पण गादीचे आयुष्यही संपते.

यावरून निदान करता येते. प्रत्येक प्रिंटरमध्ये नॉझल-चाचणीचा नमुना छापण्याची सोय असते. एक छिद्र म्हणजे त्या नमुन्यातली एक बारीक रेघ. तो एकदा छापून निष्कर्ष काढू नये. लागोपाठ तीन छापावेत आणि शेजारी शेजारी ठेवावेत. तिन्हींत त्याच जागी रेघ नसेल तर ते छिद्र सुकले आहे, किंवा उष्णतेच्या हेडमध्ये त्याचा रोधक जळला आहे. रिकाम्या जागा दर वेळी बदलत असतील तर छिद्रे मोकळी आहेत. आत हवा शिरली आहे किंवा मागून शाई पुरेशी येत नाही. एखादा रंग सपशेल नसेल तर आधी टाकी, हवेचे छिद्र आणि नळी तपासावी. नमुना पूर्ण असून मजकूर दुहेरी किंवा वाकडा दिसत असेल तर हेडला दोष देऊ नये. हेडची जुळवणी बिघडली आहे, किंवा हेड सरकते त्या मार्गावरची पारदर्शक मोजपट्टी मळली आहे. सुकलेले आणि जळलेले यांतला फरक फक्त वेळ सांगतो. सुकलेले छिद्र भिजवल्यावर एकेक करून उघडते, जळलेले कधीच नाही.

आमच्या प्रिंटरचे तीन नमुने मी छापले. काळ्या शाईच्या नऊ रेघा तिन्ही कागदांवर त्याच जागी गायब होत्या. निळ्याच्या रेघा मात्र दर वेळी वेगळ्या ठिकाणी तुटत होत्या. एकाच हेडमध्ये दोन वेगळे दुखणे! निळ्याचे कारण टाकीकडे पाहताच कळले. शाई खालच्या खुणेच्या खाली गेली होती. आठ वेळा साफसफाई करताना पंपाने शाईबरोबर नळीत हवाही ओढली होती. म्हणजे अर्धा आजार आदल्या दिवशीच्या औषधाचा होता. काळ्याचे कारण शिपाईमामांनी सांगितले. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी निकालपत्रके छापताना वीज गेली, आणि जाताना त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले. हेड वाटेतच, टोपीविना उभे राहिले, आणि तसेच उन्हाळाभर राहिले. बटण प्रिंटरचेच दाबावे, भिंतीवरचे नव्हे, असे पुस्तिकेत लिहिलेले असते ते याचसाठी. छपाई चालू असताना वीज गेली, तर ती आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून त्याच्याच बटणाने बंद करावा. मग हेड टोपीवर जाऊन बसते.

प्रिंटर उघडून टोपी पाहिली तर तिच्या काठावर वाळलेल्या शाईची खपली होती. अशा काठाने हवाबंद पकड येत नाही आणि पंप नुसता वारा ओढतो. ती खपली ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेल्या कापसाने, न खरवडता काढली. नळाचे किंवा बोअरचे पाणी अजिबात वापरू नये. त्यातले क्षार नॉझलमध्ये सुकले की दुसरा अडथळा तयार. मग टोपीत सिरिंजने (सुई काढून) पाण्याचे दहा-पंधरा थेंब सोडले. पंप चालवल्यावर ते खाली गेले, म्हणजे पंप ठीक होता. पुन्हा तेवढेच थेंब सोडले, हेड त्यावर बसवले आणि रात्रभर ठेवले. निळी टाकी भरली होतीच. छिद्रात टाचणी घालण्याचा सल्ला काही जण देतात. २० मायक्रॉनच्या छिद्रात जाईल अशी टाचणी अजून कोणी बनवलेली नाही. जिथे हेड डबीलाच जोडलेले असते तिथे काम सोपे आहे. डबी काढावी आणि कोमट ऊर्ध्वपातित पाण्याने ओल्या केलेल्या टिपकागदावर तिचे तोंड काही मिनिटे टेकवून ठेवावे. डाग उमटू लागला की समजावे, शाई वाहू लागली. मात्र उष्णतेच्या हेडवर, शाई येत नसताना पानामागून पान छापत राहू नये. रोधकाला थंड ठेवणारी शाईच असते. ती नसेल तर सुकलेले छिद्र जळलेले होते आणि मग खरोखरच हेड जाते.

दुसऱ्या दिवशी एक साफसफाई, एक नमुना. निळा रंग पूर्ण आला होता. रात्रीत हवा सरकून गेली होती. काळ्यातल्या नऊपैकी चार रेघा उमटल्या. पुन्हा पाणी, पुन्हा रात्र. तिसऱ्या दिवशी सात. मुख्याध्यापकांकडून आणखी दोन दिवस मागून घेतले, पण उरलेल्या दोन काही आल्या नाहीत. मजकुरात ते कळत नाही. आता दर सोमवारी पहिल्या तासाआधी एक नमुना छापून फाइलला लावतो. त्यावर काळ्या चौकोनात त्या दोन पांढऱ्या फटी असतात, त्याच जागी.